तांबडं तेवढं वयनीचं

माझ्या दिरानं, मसाजीनं, नव्या विहिरीच्या काठावर बाभळीचे फाटे आणून रचले आणि मला म्हणाला, "वयनी, मेंढरांच्या मुतानं पाणी नासतं." ज्याला मी लहानपणी न्हाऊ घातलं, ज्याचं नाक माझ्या पदरानं पुसलं, तो मला घाण कशाला म्हणतात ते शिकवून राहिला. फाटे रचून झाल्यावर पारावर जाऊन बसला, पायावर पाय टाकून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की आमच्या वयनीला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. त्याची ही खोड जुनी आहे. आधी आपणच दार लावायचं आणि मग बाहेर राहिलेल्याला नावं ठेवायची.

मी अनुसयाबाई. आमचं घर धनगराचं, कळमनुरीवरून वारंगा फाट्याकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तेवढ्यात लग्न झालं. पण ऐकलेला शब्द मी विसरत नाही. मसाजीला हे ठाऊक असायला पाहिजे होतं.

वाटणी झाली ब्याण्णव साली, सासरे गेल्यावर. आमचं रान दोन जातीचं. ओढ्याकडची बाजू काळी, माती काळी आणि माती सरली की खाली काळा पाषाण. दुसऱ्या बाजूला माळ, तांबूस गुलाबी खडकाचा, हत्तीच्या पाठीसारखे गोल धोंडे, मधून मधून गवत. भावकीबाहेरचा माणूस कुणाकडं झुकत नाही म्हणून तांड्याचे प्रेमसिंग नाईक मधे बसवले होते. ते म्हणाले, मोजणीवाला बोलवा. मसाजी हसला.

"मोजणीवाला काहून? डोळ्यानं दिसतंय की. काळं ते माझं, तांबडं ते वयनीचं."

माझे मालक, जळबा, मऊ माणूस. धाकट्याचं मन मोडवेना म्हणून मान हलवली. मी पदराआडून विचारलं, "आन जिथं दोन्ही मिसळलं आसंल तिथं?"

चार माणसांत मी तोंड उघडलं ह्याचाच त्याला राग. म्हणाला, "वयनी, तुमी पाताळापर्यंत खणा ना! तांबडं लागलं की तुमचं, काळं लागलं की माझं. वर आसू द्या, खाली आसू द्या, कुणाच्या बी बांधात आसू द्या. झालं समाधान?" आणि सगळे हसत असताना त्यानं खंडोबाचा भंडारा उचलला, कपाळाला लावला, उधळला. भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात कोर्टाच्या वर. सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही.

त्याला काळं रान मिळालं, जुनी विहीर मिळाली. आम्हाला माळ मिळाला. माळावर धोंडे मोजायला बरे. पाण्याचा थेंब नाही.

दोन वर्षांत मालक गेले. पोरगा हनुमान लहान, मेंढरं माझ्या गळ्यात. उन्हाळा आला की मी कळप घेऊन नदीपर्यंत जायची, सकाळी निघून दिवस मावळायला परत. एका उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडलं. गाभण मेंढ्या चालवेनात. मी जुन्या विहिरीवर गेले. मसाजी बैलं धुवत होता. बैलांच्या अंगावर बादल्यावर बादल्या ओतत होता. मी म्हणलं, "मसाजी, गाभण हायेत रे." तो म्हणाला, "एकदा पाजलं की रोजचं होतंय, वयनी." आणि बैलाच्या पाठीवर आणखी एक बादली ओतली. त्या वाटेवर माझ्या तीन मेंढ्या पडल्या, पोटातल्या कोकरांसकट. मी रडले नाही. परत येताना एवढंच ठरवलं की हा माणूस कधीतरी माझ्या तोंडाकडं बघेल आणि बघावंच लागेल.

वाट बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वर्षं गेली. जुन्या विहिरीला बूड दिसायला लागलं, तेव्हा दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर मसाजीनं नवी विहीर काढली, काळ्या रानाच्या पार मधोमध. दगड वर ओढायची यारी बसवली, सुरुंग लावले. रोज काळा दगड वर येई. सहा परस, म्हणजे सहा माणसांएवढं खोल, गेले, सात परस गेले, पाणी नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मग एका दुपारी गावात बोंब झाली की मसाजीला पाणी लागलं, हत्ती बुडेल एवढं.

मी बघायला गेले. काठावर फाटे रचलेले होतेच. तो जे मुताचं बोलला ते तेव्हाच. मी बाहेर काढलेल्या दगडमातीच्या ढिगावरून चालत परत निघाले. घरी येऊन पाय धुवायला बसले तर पाय तांबडे.

पुन्हा गेले. ढिगाच्या खाली काळा दगड, आणि सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटी विहिरीतून निघालेलं, तांबडं. हातानं कुस्करलं तर भुगा व्हावा असं मऊ, मधे चमकणारे बारीक खडे. काळं संपलं तिथं तांबडं सुरू झालं होतं, आणि पाणी त्या दोघांच्या मधून, तांबड्याच्या अंगातून येत होतं.

मी पदरात ओंजळभर बांधलं आणि थेट तांड्यावर प्रेमसिंग नाइकांच्या खाटेपुढं ओतलं.

"नाईक, भंडारा आठवतो का?"

म्हाताऱ्यानं भुगा बोटांत चोळला, माझ्याकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अनुसयाबाई, तू दहा वर्सं हेच घोकत बसली व्हतीस?"

"दुसरं काय काम व्हतं मला?"

पंच बसले. मसाजी आधी हसला, मग लाल झाला, मग त्याला सुचलं. "हा तांबडा खडक कुटं हाय? हा गेरू हाय, गेरू! काळ्या पाषाणाच्या पोटात गेरूचा पट्टा आसतोच. आपल्या बाया घरं रंगवाया तोच आणतात. गेरू काळ्याचाच भाग. वयनीचा खडक बगा कसा टणक, टाकी लागत न्हाई. हे तर पिठासारखं."

आणि खरं सांगते, पंच गडबडले. गेरू मीही आयुष्यभर आणलाय. काळ्या दगडाच्या दोन थरांमधे तो सापडतोच. ओंजळीतलं ते मऊ तांबडं बघून मलाही वाटलं, हा गेरूच निघाला तर? पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"मंग कुणाला विचारायचं?" प्रेमसिंग म्हणाले.

मसाजीनं छाती फुगवली. "काहून, माझी मोहिनी न्हाई का? नांदेडला दगडाचंच तर शिकून राहिली. ती सांगल."

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. मसाजीची पोरगी, मसाजीच्या खर्चानं शिकलेली, बापाच्या विहिरीचा न्याय करणार. नाईक मला डोळ्यानं खुणावत होते की नाही म्हण. मी म्हणाले, "चालंल."

मसाजीला वाटलं म्हातारी फसली. म्हणाला, "आन गेरू निघाला तर? गेरू निघाला तर मेंढरं विकून टाकायची, वयनी. पुन्हा पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

"विकीन."

हनुमान त्या रात्री जेवला नाही. कळप म्हणजे त्याचं सगळं आयुष्य. पण मी त्या पोरीला ओळखत होते. दहा वर्षांची असताना तिनं माझ्या बाभळीच्या शेंगा चोरल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं होतं, वर कोणत्या झाडाच्या तेही सांगितलं होतं. असलं लेकरू बापाच्या उपयोगाचं नसतं.

मोहिनी आली. खांद्याला पिशवी, हातात हातोडी, पायात बूट. पाणी उपसून काढलं आणि नाईक काठावर उभे असताना ती यारीच्या टोपल्यात बसून स्वतः विहिरीत उतरली आणि तळाचं तांबडं पिशवीत भरून वर आली. वरचा काळा पाषाण घेतला. ओढ्याच्या काठाचा गेरू घेतला. मग एकटी माझ्या माळावर आली आणि धोंड्यावर हातोडी मारत बसली. मी चहा घेऊन गेले.

"मोठी माय, आधीच सांगते. तुमा दोघांचं भांडण माझ्या परीक्षेत घुसवू नका. जे निघंल ते सांगीन."

"मी काय म्हणले का काई? चहा पी. ह्या धोंड्यात काय बघतीस तेवढं सांग."

ती सांगायला लागली, आणि मी ऐकत गेले. तिचं म्हणणं, हा तांबडा खडक ग्रॅनाइट, आणि तो इतका जुना की काळा पाषाण त्याच्यापुढं काल आलेला. काळा पाषाण पुष्कळ नंतर भेगांतून वर आला आणि पातळ पिठल्यासारखा सगळीकडं पसरला, तांबड्याच्या अंगावर चढला.

"म्हंजे तुझ्या बापासारखा. मागून आला आन सगळ्यावर पसरला."

"मोठी माय!"

"बरं, सांग."

"पृथ्वीची पाठ तुकड्या-तुकड्यांची हाय. समुद्राखालचा तुकडा जड आसतो. दोन तुकडे समोरासमोर आले की जड तुकडा दुसऱ्याच्या खाली जातो. समुद्राचा तळ जमिनीखाली. लई हळू. नख वाढतं तसं."

"खाली दाबला गेला की संपला."

"न्हाई ना! तोच तर मुद्दा हाय." तिचे डोळे चमकले. "खाली गेलेल्या तळाच्या अंगात पाणी मुरलेलं आसतं. खोल गेल्यावर उष्णतेनं ते पाणी बाहेर पडतं, वर चढतं, आन वरचा खडक त्या पाण्यानं वितळतो. वितळलेला रस वर येतो, वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. बराचसा रस वाटेतच थिजतो, त्याचा असला खडक होतो. पुढं ज्वालामुखी झिजून गेले, समुद्र बी गेला. थिजलेली मुळं राहिली. आपून त्या मुळावर बसून चहा पिऊन राहिलो."

मी धोंड्यावर हात ठेवला. उन्हानं तापला होता. खाली दाबलेलं गप बसत नाही, वरच्याला वितळवून वर येतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मधली वर्षं बरी गेली असती.

"समुद्र गेला तर तो व्हता हे तुमाला कोण सांगतं?"

तिनं कप खाली ठेवला. "तू आंबाडीची भाजी करतीस ना? उकडून पाणी पिळून काढतीस. आंबटपणा पाण्यात उतरतो, धागे भांड्यातच राहतात. कुणी नुसतं ते पाणी चाखलं तर सांगंल का न्हाई, की आंबाडी व्हती, आन उकडलेली व्हती?"

"लहान पोरगं बी सांगंल."

"तसंच. त्या वर चढणाऱ्या पाण्यासंगं काही गोष्टी येतात, काही खालीच अडकून राहतात. असल्या खडकाचा भुगा तपासला की एक गोष्ट भरपूर सापडते, दुसरी फार कमी. ती कमतरताच साक्ष देते, की हा रस बुडालेल्या समुद्राच्या पाण्यानं तयार झाला." तिनं त्या गोष्टींची नावं सांगितली. मला माझ्या सोयऱ्यांची नावं आठवत नाहीत, ही कुठली. "पण इतक्या जुन्या खडकावरून मोठमोठे लोक अजून भांडून राहिले, मोठी माय. सगळ्यांचं एकमत न्हाई."

"भांडू दे. विहिरीतल्या भुग्याचं काय? तो तर कुजलेला."

"वरचं काळं पसरायच्या आधी तो उघडा व्हता. पावसापाण्यात कुजून मऊ झाला आसंल. न्हाईतर माझे आबा म्हणतात तसा गेरू आसंल. आंबटपणा तर पावसानं कवाच धुऊन नेला आसंल. पण धाग्याचं, म्हंजे खाली अडकणाऱ्या गोष्टींचं, लपत न्हाई. खडक कुजला तरी त्या जागा सोडत न्हाईत. गेरू काळ्याचा, त्यात धागा जास्त. ह्या माळाच्या रसात कमी. भुगा हैदराबादला पाठवते आमच्या सरांच्या हातून. मंग कळंल."

उठताना ती माझ्या आखाड्याकडं, घर आणि मेंढरांचा गोठा आहे तिकडं, बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं काय, तर म्हणाली काही नाही.

होळीच्या आधी निकाल घेऊन ती गावी आली. तिची आई आशाबाई, माझी जाऊ, मागच्या वाटेनं माझ्याकडं आली आणि दारातच बसली. "जाऊबाई, तो रात्रभर तिच्या कानाशी बसला. गेरू म्हण, गेरू म्हण. न्हाईतर पुढचं शिक्षण बंद, चैतात लग्न."

"आन ती?"

"पांघरूण घेऊन झोपली." आशाबाई डोळे पुसायला लागली. मी तिला पाणी दिलं, धीर दिला नाही. पोरगी आत्ता काय करेल हे मलाही माहीत नव्हतं. गोठ्यात हनुमान एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होता, जसं काही बाजारचा दिवस उद्याच आहे.

देवळापुढं पंच बसले. अख्खं गाव, वर तांडा. मसाजी नवं धोतर नेसून पुढं. मोहिनी उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"विहिरीच्या तळाचं गेरू न्हाई. गेरू आन काळा पाषाण एका घरचे. विहिरीचं तांबडं आन मोठ्या मायच्या माळाचा खडक एका घरचे. एकाच जुन्या समुद्राच्या पाण्यानं वितळलेले. वर कुजलाय म्हणून मऊ, आणखी खाली खणलं की तोच टणक खडक लागंल."

मसाजी उठला आणि त्यानं हात उगारला. प्रेमसिंग नाइकांनी काठी आडवी घातली, "बस खाली, तूच बोलावलं व्हतंस तिला." तो बसला. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती आणि मी ती मन भरून बघत होते.

पण मोहिनी बसली नाही. माझ्याकडं वळली. "अजून एक हाय. विचारलं न्हाई कुणी, पण दिसलंय तर सांगावं लागंल. माळावर मोठ्या मायचा आखाडा ज्या धारेवर हाय ती धार काळी हाय. तांबड्या खडकाला भेग पडली, तिच्यातून काळा रस वर आला आन भिंतीसारखा थिजला. ती काळ्यातच मोडती."

मग मसाजीला कळलं आणि तो उड्याच मारायला लागला. "आखाडा माझा! वर आसू द्या, खाली आसू द्या, कुणाच्या बी बांधात आसू द्या! नाईक, भंडारा दोघांना लागतो! घर सोडा म्हणावं वयनीला!"

तीस वर्षं मी त्या धारेला पाठ टेकून बसले. ती काळी आहे हे मला रोज दिसत होतं. मालकांनी एकेक दगड रचून बांधलेलं घर ते. हनुमान तिथंच जन्मला. पोरीनं मान खाली घातली होती, आणि नाईक हळूच म्हणाले, "अनुसयाबाई, सोड दोघांचं. तो विहीर ठेवल, तू आखाडा ठेव. मिटवू."

मसाजी लगेच थांबला. "मिटवा," म्हणाला. "मी काय घरातून काढाया निघालो का वयनीला." सुटका दिसली की त्याला माया येते.

मी उठले. पदर खोचला. फार वर्षांनी तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मिटवायचं न्हाई, नाईक. भंडारा उचललाय. मसाजी, आखाडा घे. उद्या मोकळा करून देते, दारासकट. मी तुझ्या विहिरीच्या काठाला झोपडी घालते. पाणी तांबड्यातून येतं, ते माझं. आन ऐक. मी कुलूप लावणार न्हाई, फाटे टाकणार न्हाई. तुझं पाणी तोडलं तर लोक तुझी कीव करतील, आन तेवढं बी मला तुला द्यायचं न्हाई. पहिला हंडा मोहिनीचा, ती नांदेडला शिकतीया तंवर तिच्या आईनं भरायचा, आन तिच्या शिक्षणाला हात लावलास तर तुझ्या घरात थेंब जायचा न्हाई. मंग माझी मेंढरं पितील, शेवटचं कोकरू पिऊन मान वर करंल तंवर. मंग तू यायचं. रोज, तुझा तू. गडी पाठवायचा न्हाई. काठावर उभं राहायचं आन चार माणसांना ऐकू जाईल असं विचारायचं, 'वयनी, पाणी घेऊ का?' मी व्हय म्हणीन. रोज म्हणीन. पण विचारायचं तूच, मसाजी, मी जित्ती हाय तंवर."